केस कापले म्हणून

आमच्या घरात एक कॅसेट आहे. नव्वद मिनिटांची, पारदर्शक प्लास्टिकची. तिच्या पाठीवरच्या दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावलेली आहे, आणि ती मी लावलेली आहे. ज्यांनी कॅसेटी हाताळल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. त्या खाचांतल्या प्लास्टिकच्या कपच्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. वरून चिकटपट्टी मारली की येतं. अण्णांनी कपच्या मोडल्या होत्या. मी १९९६ साली खाचा बुजवल्या.

त्या कॅसेटवर अण्णांनी रेडिओवरून किशोरी आमोणकरांचं गाणं भरून घेतलं होतं. अशा वेळी आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, ट्यूबलाइट चालू-बंद करायची नाही, कारण लगेच खरखर उमटायची. मी तेव्हा बारावीला होतो. कोऱ्या कॅसेटचे पैसे आणि भरून द्यायचे पैसे असे दोन्ही खिशात नव्हते. अण्णांच्या कपाटात एका कॅसेटवर त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात नुसतं ‘कि. आ.’ लिहिलेलं होतं. पन्नासेक कॅसेटींत एक खपून जाईल असं वाटलं.

सांगलीच्या कापड पेठेत एक दुकान होतं. अर्ध्या काउंटरवर घड्याळं दुरुस्त व्हायची, अर्ध्यावर कॅसेटी भरून मिळायच्या. मालकांनी माझ्या हातातली चिकटपट्टी लावलेली कॅसेट बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता ठेवून घेतली. पुण्याहून नवीन काय आलंय विचारल्यावर म्हणाले, “इंग्रजीत एक आलंय. आमच्या पोराला आवडलं नाही. भरू का?” चार दिवसांनी मी मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘लोड’ घरी घेऊन आलो.

हा अल्बम ७९ मिनिटांचा. सीडीवर मावावा म्हणून बँडनं स्वतःचंच शेवटचं गाणं मिनिटभर कापलं होतं, हे मला फार नंतर कळलं. घड्याळवाल्यांचा हिशेब मात्र चोख. पहिल्या बाजूला आठ गाणी, पावणेपंचेचाळीस मिनिटं, एकही गाणं मध्येच तुटलेलं नाही. दुसऱ्या बाजूला सहा गाणी, चौतीस मिनिटं. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटी दहा-अकरा मिनिटं टेप उरली, आणि तिथं अण्णांचंच होतं ते राहिलं. शेवटच्या लांबलचक गाण्यातल्या गिटारी विरत विरत जायच्या, खट्ट असा आवाज यायचा आणि किशोरीताई एका तानेच्या मधोमध उगवायच्या. भैरवी होती. मला तेव्हा भैरवी ओळखता येत नव्हती, पण त्या खट्टनंतर अंगावर काटा यायचा हे आठवतं.

अण्णांना कळायला तीन आठवडे लागले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, चहा घेतला आणि ती कॅसेट दुसऱ्या बाजूनं लावून आरामखुर्चीत बसले. आमच्या टेपरेकॉर्डरचं फॉरवर्डचं बटण कॅसेटी खायचं, त्यामुळे त्याला कोणी हात लावत नसे. उरलेल्या दहा मिनिटांपर्यंत पोचायचं तर चौतीस मिनिटं मेटॅलिका ऐकणं भाग होतं. त्यांनी ती ऐकली. पुढे महिन्यातून एकदा तरी ऐकत राहिले.

त्या बाजूवर ‘मामा सेड’ नावाचं गाणं आहे. बँडचा गायक हेटफिल्डनं ते आईवर लिहिलंय; तो सोळा वर्षांचा असताना त्याची आई कॅन्सरनं गेली, त्यांच्या पंथात डॉक्टरी उपचार घेत नसत. मी कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेननं गाण्यांची नावं लिहिली होती. आईनं ती यादी वाचली आणि विचारलं, “कुणाचा मामा?” आमच्या मित्रमंडळात त्या गाण्याला आजही ‘मामाचं गाणं’ म्हणतात. लोखंडासारखा कडक बँड, आणि मध्येच हे गाणं अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यासारखं संथ, कण्हत चाललेलं. या एका गाण्यावरून पुढे माझी दोन-तीन भांडणं झाली.

अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका रविवारी त्यांनी टेप चालू ठेवूनच पेटी पुढ्यात ओढली, सूर चाचपले आणि म्हणाले, “यांची सगळ्यात खालची तार काळी दोनला आहे.” मला त्यातलं काही कळलं नाही. पुढे वर्षभरानं मी ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची कॅसेट आणली (कोऱ्या कॅसेटवर, स्वतःच्या पैशांनी), तेव्हा त्यांनी पुन्हा पेटी ओढली. “ही पांढरी तीनला आहे. अर्धा स्वर उतरवला की रे यांनी.” ‘लोड’पासून बँडनं गिटारी अर्ध्या स्वरानं खाली लावायला सुरुवात केली ही गोष्ट मला सगळ्यात आधी सांगितली ती आमच्या गावभागातल्या घरात, पेटीवरून. नंतर अण्णा म्हणाले, “वय झालं की पट्टी उतरते. त्यात लाजण्यासारखं काय?” त्या वेळी हेटफिल्ड पस्तिशीचाही नव्हता. मी गप्प बसलो.

खरी वादावादी सुरू झाली ती मी विश्रामबागला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये गेल्यावर. आमच्या वर्गात पुण्याहून आलेला एक जण होता. त्याला पहिल्या दिवसापासून सगळे पुणेकरच म्हणायचे, आडनाव हजेरीपुरतं. खांद्यापर्यंत केस, काळा टी-शर्ट, आणि हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर चार केसाळ माणसांचा पोस्टर. मी पहिल्यांदा त्याच्या खोलीत गेलो तेव्हा पोस्टर बघून विचारलं, “हे मेटॅलिका? यांनी केस कधी वाढवले?”

खोलीत स्मशानशांतता.

मला खरंच माहीत नव्हतं. मी ‘लोड’ ऐकला होता आणि रात्री उशिरा केबलवर त्यातल्या एका गाण्याचा व्हिडिओ बघितला होता. त्यात त्यांचे केस कापलेले आणि कुणाकुणाच्या डोळ्यांत काजळ. माझ्या दृष्टीनं मेटॅलिका म्हणजे हेच. पुणेकराच्या दृष्टीनं हे चार तोतये होते. त्याच्याकडे मोठ्या भावामुळे सगळ्या कॅसेटी क्रमानं आलेल्या: १९८३ चा ‘किल एम ऑल’, ८४ चा ‘राइड द लायटनिंग’, ८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, ८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, ९१ चा काळ्या कव्हरचा. त्यानं त्या बँडला वाढताना पाहिलं होतं, बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला त्याचं दुःख उशिरा का होईना केलं होतं. मी शेवटच्या पानापासून वाचायला घेतलेला माणूस.

“विकले गेले,” तो म्हणायचा. हा त्याचा शब्द. खरं तर सगळ्यांचाच. मी जसजसा मागे मागे जात ऐकत गेलो तसतसं लक्षात यायला लागलं, की हा शब्द या बँडला प्रत्येक वळणावर ऐकावा लागला आहे. दुसऱ्याच अल्बमवर ‘फेड टू ब्लॅक’ हे संथ गाणं घेतलं तेव्हा जुने चाहते म्हणाले, विकले गेले. आम्ही व्हिडिओ करणार नाही असं सांगत आलेल्या बँडनं १९८९ मध्ये ‘वन’चा व्हिडिओ काढला, पुन्हा तेच. बॉब रॉक नावाचा नवा प्रोड्यूसर घेऊन ९१ साली छोटी, जड, हळू चालीची गाणी केली आणि एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती खपल्या, तेव्हा तर पुरावाच मिळाला. आणि ९६ साली केस कापले.

केस. मला वाटतं, या सगळ्या भांडणात केसांना पुरेसा मान कुणी देत नाही. ‘लोड’मध्ये संगीत बदललं होतंच: वेग गेला, करवतीसारखी गिटार गेली, ब्लूज आलं, मामाचं गाणं आलं. नावाच्या लोगोतल्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षराची भाल्यासारखी टोकंसुद्धा छाटली. पण पुणेकराचा संताप व्हायचा तो केसांवर बोलताना. आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे आज कबूल करतो. तो म्हणायचा, “बदलले याचं मला काही नाही रे. बदलून कोणासारखे झाले ते बघ. त्या वर्षी जे चालत होतं त्याच्यासारखे झाले.” १९९६ च्या उन्हाळ्यात मेटॅलिका अमेरिकेतल्या लोलापालूझा या ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या महोत्सवात मुख्य बँड म्हणून वाजवायला गेला, तेव्हा त्यांचे चाहते चिडले आणि त्या महोत्सवाचे नेहमीचे प्रेक्षकही चिडले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत.

माझं उत्तर एकच असायचं: मला आवडतं. वादात याला उत्तर म्हणत नाहीत. पण मला जे खरोखर म्हणायचं होतं ते तेव्हा शब्दांत येत नव्हतं. पुणेकराला जो विश्वासघात वाटत होता तो घडायला आधी विश्वास लागतो, आणि सांगलीला आमच्यापर्यंत गोष्टी ज्या क्रमानं पोचायच्या त्यात विश्वास ठेवायला जागाच नव्हती. पुण्या-मुंबईचं उरलेलं, कुणाच्या तरी पोराला न आवडलेलं, घड्याळवाल्याच्या काउंटरवर येऊन पडायचं. आम्हाला जुनं आणि नवं एकाच आठवड्यात मिळायचं. मला ‘मास्टर ऑफ पपेट्स’ पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं सांगू? वाटलं, काय धडधड लावलीय, यांनी ते मोकळं वाजवणं का सोडलं? माझ्यासाठी शैली बदलली ती १९८६ ला!

(आज विचाराल तर ‘मास्टर’च थोर. त्यातली आठही गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर बसतात आणि एक सेकंद वाया जात नाही. ‘लोड’ म्हणजे चाळीस मिनिटांचा चांगला अल्बम ७९ मिनिटांत ताणलेला. पण हे मी पुणेकराला कधीच सांगितलेलं नाही.)

एकदा तो आमच्या घरी जेवायला आला. अण्णांनी त्याचे केस बघितले, काही बोलले नाहीत, ताटात आणखी एक पोळी वाढायला लावली. जेवताना आमचं नेहमीचं सुरू झालं. अण्णा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “आमच्याकडे हे तीस वर्षं चाललंय.”

खणभागात अण्णांचे एक स्नेही राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका जयपूर-अत्रौली घराण्याचे कट्टर. मोगूबाई कुर्डीकर म्हणजे त्यांचं दैवत. मोगूबाई या सांगलीत राहत होत्या, रियाज करत होत्या, आणि उपचारासाठी सांगलीत आलेल्या, त्या घराण्याचे प्रवर्तक असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी तो रियाज जाताजाता ऐकला आणि स्वतःहून शिकवायला सुरुवात केली, ही हकीकत काका अशी सांगायचे की जणू शेजारच्याच गल्लीत परवा घडली. आणि त्याच मोगूबाईंची मुलगी किशोरी? काकांच्या मते तिनं घर सोडलं. जयपूरची ती लयीला घट्ट बांधलेली, एकातून एक निघत जाणारी तान बाजूला ठेवून ती आलापात रमायला लागली. “भावनेच्या नादी लागली,” हे काकांचे शब्द. अण्णा किशोरीताईंच्या बाजूचे. दोघांचं इतकं वाजायचं की एकदा गणपतीच्या मांडवात काका उठून गेले होते.

पुणेकरानं विचारलं, “मग काका किशोरीताईंचं ऐकायचेच नाहीत?”

“सगळं ऐकायचे,” अण्णा म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त. शिव्या घालायला ऐकावं लागतं.”

पुणेकर जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “‘लोड’ मला पाठ आहे, काका.” त्यानं अण्णांना काका म्हटलं, मला हसू आलं.

शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आले. आदल्या संध्याकाळी पुणेकर विश्रामबागमधल्या एका न्हाव्याकडे गेला. मी बरोबर होतो. न्हाव्यानं दोनदा विचारलं, “नक्की का?” मानेपासून वर कात्री चालली, केसांचे पुंजके मांडीवरच्या पांढऱ्या कापडावर पडत राहिले. आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आयुष्यात काही वाक्यं न बोलल्याचं मला समाधान आहे, त्यातलं ते एक. बाहेर आल्यावर त्यानं मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “थंडी वाजते रे.” त्याला नोकरी लागली.

२००३ साली ‘सेंट अँगर’ आला आणि आमचं भांडण तात्पुरतं मिटलं, कारण तो आम्हा दोघांनाही सहन झाला नाही. एकही गिटारचा सोलो नाही, आणि स्नेअर ड्रमचा आवाज असा की कुणी रिकामा पत्र्याचा डबा पायऱ्यांवरून लाथाडतंय. २००८ ला ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये जुनी चाल परत आणली, तर आवाज इतका दाबून मोठा केलेला की कान किटावेत, लोकांनी शोधून काढलं की गिटार वाजवायच्या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येतात. म्हणजे बदललं तरी बोंब, परत आले तरी बोंब. २०११ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा भारतात आले. गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, बंगळूरचा झाला. पुणेकर तिथंच नोकरीला होता. मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून गेलो. मैदानात आम्ही दोघं, पोटं सुटलेली, हजारो लोकांत उभे राहून ओरडत होतो, आणि त्या रात्री कोणतं गाणं कोणत्या अल्बमचं याची आम्हाला काही पडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला बसलो तेव्हा पुन्हा पडली.

मध्ये एक गोष्ट राहिली. साधारण २००४ ची. अण्णांचा तंबोरा बोलेनासा झाला होता, म्हणून आम्ही तो मिरजेला घेऊन गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँसाहेब जिथं राहिले आणि जिथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, त्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे-सतारी करणारी घरं आहेत. एका दुकानात भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तारा सैल केल्या आणि घोडी दाखवली. जिथं तार टेकते तिथं बारीक चर पडले होते, नखाला लागतील इतके. “तार रोज थोडं थोडं खाते,” ते म्हणाले. त्यांनी कानस घेतली, नंतर काचपेपर, आणि घोडीचा माथा घासायला लागले. चार-पाच वेळा घासायचं, तार ताणायची, छेडायची, घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा सैल करून घासायचं. दीड तास. एका क्षणी दोरा जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा सरकला आणि तंबोरा एकदम उघडला. अख्ख्या दुकानात मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज भरला. जवारी, म्हणजे तारेची ती घोंगावणारी आस, लागली.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

“आवाज बदलला हो, चाचा.”

चाचा हसले. “सगळं गिऱ्हाईक हेच म्हणतं. नवा घेतला तेव्हा असाच होता. बारा वर्षं रोज थोडा थोडा बदलत गेला, ते तुम्हाला कळलं नाही. आज मी एकदम मागं नेला, तर बदलला म्हणताय.”

अण्णांना पटलं नाही. महिनाभर ते कुरकुरत होते की जुन्या आवाजात एक गोडवा होता. किशोरीताईंसाठी मित्र तोडायला निघालेला माणूस! मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तंबोऱ्याचं वेगळं असतं.” काका तोवर गेले होते, नाहीतर त्यांना फोन करून सांगितलं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं आलं. तंबोरा माळ्यावर होता, वाचला. कॅसेटींचं कपाट पाण्यात राहिलं. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या धुऊन गच्चीवर वाळवल्या, बहुतेक गेल्याच. ‘कि. आ.’ राहिली. चिकटपट्टी मात्र पिवळी पडून चिकटूनच होती, जणू तिनंच कॅसेट धरून ठेवली.

२०२३ च्या एप्रिलमध्ये ‘७२ सीझन्स’ आला. ७७ मिनिटांचा, ही सवय काही गेली नाही. पुणेकर सुटीला आला होता, टक्कल पडलंय आता. कृष्णेच्या घाटावर भडंग खात आम्ही त्यातली चार गाणी फोनवर ऐकली. तो म्हणाला, तेच तेच वाजवतात, नवीन काही करत नाहीत. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. “काय?” तो म्हणाला. भडंगातला शेंगदाणा शोधत बसला.

तिथून घरी आलो. अण्णा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पेटीचा भाता हलवायला दुसरं कुणीतरी लागतं. त्यांना म्हटलं, पुणेकर आलाय, लावायची का कॅसेट? जुना टेपरेकॉर्डर फडक्यानं पुसला, दुसरी बाजू लावली. फॉरवर्ड अजूनही नाहीच. मामाचं गाणं गेलं, मग आणखी दोन, मग ते शेवटचं लांबलचक. अण्णांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. खट्ट झालं, किशोरीताई तानेच्या मधोमध आल्या. पुणेकरानं मान खाली घातली होती. अण्णांनी भुवया आक्रसल्या, मला पेटी ओढायला लावली, एक सूर दाबला, सोडला, त्याच्या शेजारचा दाबला.

“काळी दोनला होते ना तुझे ते? आता पांढरी दोनवर आलेत,” ते म्हणाले. “आणि बाईसुद्धा उतरल्यात.”

“म्हणजे?”

“मशीनचा पट्टा सैल झालाय. उद्या बदलून आण.”